मैदानावर दिवे हवेत? अर्ज लिहिण्याआधी वीजबिलाचा हिशेब मांडा

लहान शहरात मैदानाला दिवे मागायची एक ठरलेली रीत आहे. मंडळाची पाचसात मुलं लेटरहेड काढतात, 'मैदानावर हायमास्ट बसवून मिळणेबाबत' असा विषय टाकतात, आमदारांच्या कार्यालयात पोच घेतात आणि वाट बघतात. कधीकधी हायमास्ट, म्हणजे चौकात असतो तसा उंच खांबावरचा दिव्यांचा घोस, खरंच मिळतो. तो एका कोपऱ्यात उभा राहतो. त्याच्या बुडाशी लख्ख उजेड आणि पलीकडच्या गोलपोस्टपाशी अंधार. वर्ष-दोन वर्षांत बिल थकतं, निम्मे दिवे जातात आणि मैदान पुन्हा दिवेलागणीलाच रिकामं होतं.

पैसा आलेला असतो, पण उलट्या क्रमाने. दिवे ही या सगळ्या कामातली शेवटची वस्तू आहे. जागेचा कागद, खेळाची गरज, वीजजोडणी आणि दरमहाचं बिल हे चार विषय आधी मिटले, तर निधी मागताना तुमच्या हातात अर्जाऐवजी तयार प्रस्ताव असतो. अधिकाऱ्याला 'नाही' म्हणायला कारण सापडत नाही.

खालच्या पायऱ्या नगरपरिषद किंवा नगरपंचायत हद्दीतल्या मैदानासाठी आहेत. हिशेबाला एक मैदान धरू: ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद. मध्ये फुटबॉल आणि टेनिस बॉल क्रिकेट, कडेला कबड्डी आणि व्हॉलीबॉल. बहुतेक तालुक्याच्या गावात असं एक मैदान असतंच.

## १. जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा

'मैदान नगरपरिषदेचंच आहे' हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागद कोणी पाहिलेला नसतो. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका काढा, बाकी ठिकाणी सातबारा. सोबत विकास योजनेचा उतारा घ्या आणि त्यावर जागेला क्रीडांगणाचं आरक्षण आहे का ते बघा. आरक्षण असणं आणि जागा ताब्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण पडलेलं असतं, पण भूसंपादन झालेलं नसतं, सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असतं, अशी मैदानं गावोगाव आहेत. तिथे सरकारी पैशाचा खांब रोवता येत नाही.

मालकावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. जागा नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे जा. तालुका क्रीडा संकुल असेल तर अर्ज संकुल समितीकडे जातो. जिल्हा परिषद शाळेचं मैदान असेल तर शिक्षण विभागाचं ना-हरकत पत्र लागेल. खाजगी शिक्षणसंस्थेच्या मैदानावर सार्वजनिक निधी मागायचा असेल, तर संध्याकाळी मैदान सगळ्यांना खुलं राहील असा लेखी करार आधी करून घ्या. निधी आल्यावर हा करार करायला कोणी बसत नाही.

तपासा: मैदानावरून उच्चदाब वाहिनी जाते का? जात असेल तर खांबांच्या जागा ठरवण्याआधीच महावितरणशी बोला. वाहिनीपासून किती अंतर सोडायचं याचे नियम आहेत आणि त्यात सवलत मिळत नाही.

## २. कोणता खेळ, किती उजेड, हे आकड्यात लिहा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. अर्जात 'पुरेसा उजेड' असं लिहिलं की ठेकेदार त्याला परवडेल तेवढा पुरेसा उजेड देतो. उजेड लक्समध्ये मोजतात. प्रकाशयोजनेचे डिझायनर सहसा युरोपीय मानक वापरतात. त्यानुसार फुटबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल अशा मैदानी खेळांच्या सरावाला सरासरी ७५ लक्स, स्थानिक पातळीच्या सामन्यांना २०० लक्स आणि वरच्या स्पर्धांना ५०० लक्स लागतात. क्रिकेटला जास्त लागतो, कारण चेंडू लहान आणि वेगवान असतो, आणि खेळपट्टीवर बाकीच्या मैदानापेक्षा जास्त उजेड लागतो. लेदर बॉलचं रात्रीचं क्रिकेट डोक्यातून काढून टाका. त्याचा खर्च लहान शहराच्या आवाक्यातला नाही आणि अर्धवट उजेडात तो खेळ धोक्याचा आहे.

सरासरीइतकीच महत्त्वाची आहे समानता. सगळ्यात अंधाऱ्या जागेचा लक्स भागिले सरासरी लक्स. सरावाला हे गुणोत्तर ०.५ आणि सामन्यांना ०.६ च्या खाली जाऊ नये. हायमास्ट नापास होतो तो नेमका इथेच. चौकात चारही दिशांना उजेड टाकण्यासाठी तो बनवलेला आहे. मैदानावर त्याच्या बुडाशी शेकडो लक्स पडतात आणि दूरच्या टोकाला दहा-पंधरा. आमच्याकडे पहिल्याच रात्री गोलकीपर म्हणाला, "भाऊ, दिवे लागले खरे, पण बॉल येताना दिसतच नाही." त्याची तक्रार रास्त होती. बॉल उजेडातून अंधारात यायचा आणि पुन्हा डोळ्यांवर झोत यायचा.

आता आपल्या ६० बाय ४० च्या मैदानाचा ढोबळ हिशेब करू. क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की एक लक्स होतो. २०० लक्स हवे, म्हणजे जमिनीवर ४,८०,००० ल्युमेन पडायला हवेत. दिव्यातून निघालेला सगळा उजेड मैदानावर पडत नाही, आणि धुळीमुळे तो कमी होत जातो. ही घट धरून साधारण ०.४५ ने भागलं तर दिव्यांतून सुमारे १०,६७,००० ल्युमेन निघायला हवेत. वॅटमागे १३० ल्युमेन देणारी एलईडी फिटिंग धरली तर ८.२ किलोवॅट होतात. म्हणजे ३५० वॅटच्या २४ फिटिंग, सहा खांबांवर प्रत्येकी चार. एकूण ८.४ किलोवॅट.

हा हिशेब डिझायनरच्या कामाची जागा घेत नाही. पण तो खिशात असला की कोणी '२०० वॅटच्या आठ फिटिंग पुरतील' म्हणालं तर लगेच प्रश्न विचारता येतो.

खांबाची उंचीही हिशेबानेच ठरते. मैदानाच्या मध्यरेषेवरून खांबाच्या टोकाकडे पाहिलं तर जमिनीशी किमान २५ अंशांचा कोन व्हायला हवा, नाहीतर झोत थेट डोळ्यांत जातो. आपलं मैदान ४० मीटर रुंद, खांब रेषेच्या ५ मीटर बाहेर, म्हणजे मध्यापासून २५ मीटरवर. २५ अंशांना उंची येते ११.७ मीटर, म्हणजे १२ मीटरचे खांब घ्या. नऊ मीटरचे खांब स्वस्त पडतात, म्हणून ठेकेदार ते पुढे करतो. मग फिटिंग आडव्या कलवाव्या लागतात आणि शेजारच्या घरांच्या खिडक्यांत रात्री दहापर्यंत दिवस उगवतो.

तपासा: डिझायनरकडून संगणकावर काढलेला लक्स आराखडा मागा. त्यात मैदानावर चौकटी आखून प्रत्येक ठिकाणचा लक्स लिहिलेला असतो. फिटिंग बनवणाऱ्या कंपन्यांचे विक्रेते तो बहुतेक वेळा फुकट काढून देतात. पण अशा आराखड्यावर त्यांच्याच मॉडेलचं नाव असतं, तेव्हा दोन-तीन कंपन्यांकडून तो घ्या.

## ३. निम्मे दिवे लावायची सोय आत्ताच मागा

हा मुद्दा आराखड्यातच हवा, नंतर करता येत नाही. रोजच्या सरावाला १०० लक्स भरपूर होतात. म्हणून प्रत्येक खांबावरच्या चार फिटिंगपैकी दोन एका सर्किटवर आणि दोन दुसऱ्यावर घ्या. सरावाला एक सर्किट, सामन्याला दोन्ही.

काही ठिकाणी तीन खांब एका स्विचवर आणि तीन दुसऱ्यावर जोडलेले दिसतात. त्यामुळे वीज वाचते, पण अर्धं मैदान अंधारात जातं आणि मुलं निमूटपणे दोन्ही स्विच चालू करतात.

## ४. महावितरणकडे जा, पण अंदाजपत्रकाच्या आधी

या पायरीला लोक सर्वांत उशिरा हात घालतात आणि सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. खांब मार्चमध्ये उभे राहिले आणि जोडणी दिवाळीनंतर आली, अशा कहाण्या पुष्कळ ऐकायला मिळतील.

उपविभागीय कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा.

एक, जवळच्या डीपीवर आपला भार घेण्याइतकी क्षमता आहे का? (गावात रोहित्रालाही डीपी म्हणतात आणि विकास योजनेलाही डीपी. बैठकीत कोणता डीपी ते स्पष्ट बोला, नाहीतर अर्धा तास दोन विषयांवर चर्चा होते.) क्षमता नसेल तर नवीन रोहित्राचा खर्च प्रस्तावात धरावा लागेल, आणि तो दिव्यांइतकाच जड होऊ शकतो.

दोन, जोडणी कोणत्या वर्गात देणार? पथदिवे, सार्वजनिक सेवा आणि वाणिज्यिक यांचे दर वेगळे आहेत. मैदान नगरपरिषदेचं आहे म्हणून आपोआप पथदिव्यांचा दर लागेल असं गृहीत धरू नका. वर्ग लेखी घ्या.

तीन, मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल तो आकडा) किती ठेवायचा? लघुदाब वाणिज्यिक वर्गात २० किलोवॅट हा एक टप्पा आहे. त्याच्यावर गेलं की बिलाची रचना बदलते आणि मागणी आकार, म्हणजे जोडणीच्या भारावरचा दरमहाचा आकार, केव्हीएवर (भार मोजायचं एकक) लागतो. आपलं मैदान ८.४ किलोवॅटचं आहे, म्हणून चिंता नाही. पण कोणी 'पुढे लागेल, २५ करून ठेवू' म्हणालं तर ऐकू नका. वापरा न वापरा, त्याचे पैसे दरमहा मोजावे लागतात.

जोडणी नगरपरिषदेच्या नावावर घ्या. मंडळाच्या नावावर, त्याहून वाईट म्हणजे अध्यक्षाच्या वैयक्तिक नावावर घेऊ नका. अध्यक्ष बदलतो, थकबाकी त्याच्या घरी जाते आणि मग गावात बोलणं बंद होतं.

## ५. बिल कोण भरणार, त्याचा ठराव

हाच प्रस्तावाचा कणा. निधी देणारं कोणतंही कार्यालय, सरकारी असो वा कंपनी, खांबांना पैसे देतं, विजेला देत नाही. खासदार निधीत तर मालमत्ता कोण चालवणार आणि देखभाल कोण करणार याची हमी मंजुरीआधीच द्यावी लागते.

हिशेब मांडा. रोज तीन तास, महिन्याला २५ दिवस. सगळे दिवे लावले तर ८.४ गुणिले ३ गुणिले २५ म्हणजे ६३० युनिट. निम्मे लावले तर ३१५ युनिट. सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरले (तुमच्या वर्गाचा खरा दर इथे घाला), तर महिन्याला ७,५६० किंवा ३,७८० रुपये. पावसाळ्याचे चार महिने वगळले तर सरावाचं वर्षाचं बिल साधारण ३०,००० रुपये होतं, स्थिर आकार वेगळा. बंद महिन्यांतही स्थिर आकार येतोच, तो विसरू नका.

यावर वर्षाला दुरुस्तीचे पैसे धरा. एलईडीचा दिवा क्वचित जातो, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा फिटिंगमधला भाग. बारा मीटरवर चढायला शिडीची गाडी लागते आणि ती नगरपरिषदेकडे नसेल तर भाड्याने आणावी लागते. वर्षाला दोन-तीन ड्रायव्हर आणि दोनदा गाडी एवढी तरतूद ठेवा.

आता हे कोण भरणार? तीन मार्ग आहेत. नगरपरिषद पूर्ण भरेल. नगरपरिषद वीज भरेल आणि दुरुस्ती मैदान समिती करेल. किंवा समिती दोन्ही करेल आणि स्पर्धांकडून शुल्क घेईल. माझं मत दुसऱ्या मार्गाला आहे. तिसरा मार्ग पहिली दोन वर्षं उत्साहात चालतो, मग कोणी तरी नोकरीला पुण्याला जातो आणि हिशेबाची वही त्याच्याबरोबर जाते.

जो मार्ग ठरेल त्याचा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. ठरावात ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक आणि कोण काय भरणार याचं थेट वाक्य हवं, उदाहरणार्थ पहिल्या मार्गाला 'मैदानाचे वीजबिल व देखभाल-दुरुस्ती नगरपरिषद निधीतून करण्यात येईल'. 'सहकार्य करण्यात येईल' असं लिहिलेला ठराव निधीच्या प्रस्तावात काही कामाचा नाही.

इशारा: नगरपरिषदेचं पथदिव्यांचं देखभाल कंत्राट चालू असेल, तर त्यात मैदानाचे दिवे आपोआप येत नाहीत. कंत्राटाची यादी बघा.

## ६. अंदाजपत्रक: काय असलंच पाहिजे

अंदाजपत्रक नगरपरिषदेच्या अभियंत्याकडून, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर बनवून घ्या. विजेच्या कामाची तांत्रिक मान्यता बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडून घ्यावी लागते. दरसूचीत नसलेल्या वस्तूंना तीन कोटेशन जोडतात. जुनं अंदाजपत्रक नव्या वर्षी चालत नाही, दर बदलले की ते परत येतं.

यादीत बहुतेकदा विसरल्या जाणाऱ्या गोष्टी:

- खांबाचा पाया. सोलापूर, परभणीकडच्या काळ्या मातीत जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. 'नेहमीचा' पाया तिथे तिरका होतो. माती तपासून पायाचं डिझाइन घ्या.
- वाऱ्याचा भार. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आणि नागपूर, मुंबईला ४४ मीटर धरला आहे. पुण्यासाठी काढलेलं खांबाचं डिझाइन नागपुरात चालणार नाही. खांबावर चार फिटिंगचा पृष्ठभाग धरून हिशेब असायला हवा.
- गरम जस्तलेपन केलेले खांब. नुसता रंग लावलेला खांब रत्नागिरी, मालवणसारख्या खाऱ्या हवेत फार लवकर बुडापासून गंजतो.
- प्रत्येक खांबाला स्वतंत्र अर्थिंग, फीडर पिलरमध्ये (जिथून सगळ्या खांबांना वीज जाते ती स्विचची पेटी) आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आणि विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारं उपकरण. पावसात ओल्या खांबाला मुलं टेकतात, म्हणून अर्थिंगच्या रकमेत काटछाट करू देऊ नका.
- जमिनीखालून आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, पाइपातून. रोलर फिरणाऱ्या मैदानावर उथळ पुरलेली केबल टिकत नाही.
- आयपी ६५ किंवा ६६ दर्जाच्या, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणाऱ्या फिटिंग, निर्मात्याची किमान पाच वर्षांची लेखी हमी, आणि सुट्या भागांत चार जादा ड्रायव्हर.
- महावितरणचा जोडणी खर्च. तो दिव्यांच्या कामात नसला तर त्यासाठी पुन्हा वेगळा प्रस्ताव करावा लागतो.

## ७. निधी: कोणाकडे कधी जायचं

आता अर्ज लिहा. एकाच वेळी सगळ्यांना लिहू नका. एका कामाला दोन योजनांतून मंजुरी मिळाली तर आनंद होत नाही, चौकशी होते. कोणत्या भागाला कोणता पैसा, हे प्रस्तावातच वेगळं दाखवा.

नगरपरिषदेचा स्वतःचा अर्थसंकल्प. रक्कम लहान असते, पण याच्याशिवाय बाकीचे दरवाजे उघडत नाहीत. अर्थसंकल्पाची तयारी हिवाळ्यात चालते. डिसेंबरच्या आत नगरसेवकांकडून मागणी नोंदवा. मैदान देखभालीचं स्वतंत्र शीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) नसेल तर ते उघडायला लावा, रक्कम पहिल्या वर्षी कितीही थोडी असो. शीर्ष एकदा उघडलं की दर वर्षी त्यात आकडा घालता येतो.

क्रीडांगण विकास अनुदान. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची ही योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालते. मैदान सपाटीकरण, कुंपण, धावपट्टी अशा बाबींबरोबर फ्लडलाईटची सोयही तिच्यात बसते. अनुदानाची कमाल मर्यादा शासन निर्णयानुसार बदलत असते, त्यामुळे चालू निर्णयाची प्रत कार्यालयातूनच घ्या. पूर्ण कामाला हे पैसे पुरतीलच असं नाही. पण पहिला टप्पा, म्हणजे केबल, पिलर आणि कडेच्या कबड्डी-व्हॉलीबॉलचे दिवे, यातून करता येतो.

जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. नगरपरिषदांसाठी नगरोत्थान आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या योजना आहेत. प्रस्ताव नगरपरिषदेच्या ठरावासह जिल्हा प्रशासनाकडे जातो. इथे वेळेला महत्त्व आहे. मंजुरी मिळून ३१ मार्चपर्यंत पैसा खर्ची पडला नाही तर अडचण होते. म्हणून फेब्रुवारीत आयत्या वेळी 'कोणाचं काम तयार आहे?' अशी विचारणा होते. ज्याच्याकडे जागेचा कागद, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता हातात आहे त्याला तेव्हा पैसे मिळतात. आम्हाला दोनदा नकार आला होता. तिसऱ्या वेळी होकार आला तो अशाच एका फेब्रुवारीत, आणि त्याआधी फायलीत काहीही नवीन घातलं नव्हतं.

आमदार आणि खासदार निधी. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आणि तो पूर्ण मतदारसंघाचा असतो. त्यातली तुमच्या मैदानाची मागणी किती मोठी दिसते ते आधी मनात मोजा. लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे लोकप्रतिनिधी कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. शिफारसपत्र मिळालं की आपल्याकडे अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. फ्लेक्स फाटून जातो तेव्हाही प्रशासकीय मान्यता आलेली नसते. पत्राची प्रत घेऊन जिल्हा नियोजन कार्यालयात स्वतः जा, काम कोणत्या यंत्रणेकडे वर्ग झालं ते विचारा आणि त्या यंत्रणेच्या अभियंत्याला तुमचा लक्स आराखडा द्या. हे केलं नाही तर तिथला अभियंता सवयीने हायमास्टचंच अंदाजपत्रक करतो.

अर्जाचा विषय असा लिहा: 'क्रीडांगणावर ६ खांबांची, सरासरी २०० लक्स व ०.६ समानता असलेली क्रीडा प्रकाशयोजना करणेबाबत'. हायमास्ट हा शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नका.

इशारा: निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन कामांना मंजुरी थांबते. नगरपरिषद, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा यांचं वेळापत्रक आधी बघा. कार्यारंभ आदेश निघून प्रत्यक्ष सुरू झालेलं काम साधारणपणे चालू राहतं.

## ८. कंपनीचा सीएसआर आणि लोकवर्गणी

जवळ एमआयडीसी किंवा साखर कारखाना असेल तर लोक पहिलं पत्र तिथे देतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीलाच सीएसआरचं, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजाच्या कामांवर खर्च करण्याचं, बंधन आहे. कारखाना सहकारी संस्था असेल तर हा कायदा त्याला लागू नाही. तिथे तुमची विनंती ही साधी देणगीची विनंती असते, भाषा तशीच ठेवा.

सीएसआरची कामं सांगणाऱ्या याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये खेळांची जी नोंद आहे तिचा भर प्रशिक्षणावर आहे: ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांना चालना देणारं प्रशिक्षण. त्यामुळे नुसते दिवे मागू नका. 'संध्याकाळी सहा ते आठ मुलींचा कबड्डी सराव, आठवड्याला पाच दिवस, प्रशिक्षकासह' असा कार्यक्रम जोडा आणि दिवे त्याचा भाग म्हणून दाखवा. सीएसआरमधून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नगरपरिषदेसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा पात्र नोंदणीकृत संस्थेच्या नावावर जावी लागते. पैसे तुमच्या संस्थेमार्फत खर्च होणार असतील तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे.

लोकवर्गणी मोठ्या कामाला पुरत नाही, पण ती गोळा करावी. पहिल्या वर्षाच्या बिलाचा ठेवा आणि दुरुस्तीची रक्कम तिच्यातून उभी राहते, आणि अधिकाऱ्यांना गाव मागे आहे हे दिसतं. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी. गणपतीची वर्गणी काढणाऱ्यांना हे माहीत असतं, मैदानाच्या वेळी मात्र विसरतात. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर संस्थेची ती नोंदणी (लोक तिला ८०जी म्हणतात) हवी, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. बँकेत दोन सह्यांचं खातं काढा. पावतीपुस्तकांना क्रमांक द्या आणि कोणाकडे कोणतं पुस्तक गेलं ते लिहा.

## ९. निविदा आणि काम चालू असताना

निविदा नगरपरिषद किंवा यंत्रणा काढते. तुमचं काम एवढंच: निविदेत लक्स, समानता, खांबाची उंची, दोन सर्किट आणि हमी हे शब्द जसेच्या तसे आले आहेत का ते पाहणं. महाटेंडर पोर्टलवर कागद कोणालाही उघडून पाहता येतात. वगळलं असेल तर निविदापूर्व मुदतीत लेखी कळवा. नंतर सांगून फायदा नाही.

कार्यारंभ आदेश निघाला की तीन वेळी मैदानावर हजर राहा: पायाचा खड्डा खणल्यावर (खोली टेपने मोजा), अँकर बोल्ट बसवून काँक्रीट ओतताना, आणि केबल झाकण्याआधी. प्रत्येक वेळी टेप दिसेल असा फोटो काढा. मोजमाप पुस्तिका अभियंता लिहितो. तुमचे फोटो फक्त तुमच्या फायलीत राहू द्या, भांडायला जाऊ नका. बहुतेक वेळा फोटो काढला जातोय एवढ्यानेच खड्डा पुरेसा खोल होतो.

## १०. बिल देण्याआधी रात्रीची चाचणी

ठेकेदार दुपारी चार वाजता दिवे लावून दाखवतो. तेव्हा सही करू नका. पूर्ण अंधार पडल्यावर, शक्यतो चांदणं नसलेल्या रात्री या.

मैदानावर १० बाय १० मीटरच्या चौकटी आखा. आपल्या मैदानात २४ चौकटी होतात. प्रत्येकीच्या मध्यावर लक्समीटर जमिनीलगत आडवा धरून आकडा लिहा. मीटर पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मागता येतो, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. २४ आकड्यांची सरासरी काढा. सरासरी २०० आली आणि सर्वांत कमी आकडा १२० किंवा जास्त असेल तर काम पास. कमी आला तर आधी फिटिंगचे कोन बदलायला सांगा, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच भागतं. सर्किट एक वेगळं लावून पुन्हा मोजा.

याच रात्री शेजारच्या चार घरांच्या गच्चीवर जाऊन बघा. खिडकीत झोत पडत असेल तर त्या फिटिंगला आडोसा लावून घ्या. तक्रार येण्याआधी लावलेला आडोसा स्वस्त पडतो.

हस्तांतरणाच्या वेळी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, अर्थिंगचे आकडे, फिटिंगची हमीपत्रं, केबलचा नकाशा आणि दोषदायित्व कालावधी (बिघाड ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ) संपण्याची तारीख एका फायलीत घ्या. एक प्रत नगरपरिषदेत, एक समितीकडे. ठेकेदाराची सुरक्षा अनामत त्या तारखेला सुटते. तिच्या महिनाभर आधी सगळे दिवे तपासून बंद पडलेल्यांची लेखी यादी द्या.

## ११. पहिल्या आठवड्यातच लावायचे नियम

पिलरची किल्ली दोघांकडेच. दिवे बंद करण्यासाठी टायमर, रात्री दहाला आपोआप. ध्वनिक्षेपकाची वेळही तिथेच संपते, त्यामुळे स्पर्धा भरवणाऱ्यांना वेगळं समजवावं लागत नाही. मीटरचं वाचन दर महिन्याच्या एक तारखेला वहीत.

मैदानाच्या मीटरवरून लग्नाच्या मांडवाला, जत्रेतल्या पाळण्याला किंवा खाऊच्या गाड्यांना वीज देऊ नका, कोणीही मागितली तरी. मंजूर वापराखेरीज वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि ती नगरपरिषदेच्या नावावर येते. त्यानंतर बिलाचा ठराव पुन्हा सभेपुढे येतो, आणि त्या सभेत तुमच्या बाजूने कोणी उभं राहत नाही.

वर्षातून दोनदा, दसऱ्याच्या आधी आणि होळीच्या नंतर, शिडीची गाडी बोलावून काचा पुसून घ्या आणि त्याच रात्री २४ आकडे पुन्हा वहीत लिहा.